बारावीनंतर वर्दी: एनडीए, ओटीए, नर्सिंग की अग्निवीर?

बारावीचा निकाल लागला की आमच्या कॉलेजच्या एनसीसीच्या खोलीत मुलींची रीघ लागते. कुणी मैत्रिणीला घेऊन येते, कुणी आईला. प्रश्न एकच असतो, "मॅडम, फॉर्म कुठला भरू?" मी उलट विचारते, "वर्दीत किती वर्षं राहायचंय तुला?" मुली गप्प होतात. अकॅडमीवाले त्यांना धावण्याची वेळ विचारतात, नातेवाईक लग्नाचं विचारतात, पण हे कुणी विचारलेलं नसतं. सैन्यात जायला मुलींना आज चार मोठी दारं आहेत: बारावीनंतर अधिकारी घडवणारी एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), पदवीनंतरची ओटीए (ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी), मिलिटरी नर्सिंग आणि चार वर्षांसाठी जवान होण्याचं अग्निवीर. प्रत्येक दारामागचा मुक्काम वेगळा आहे. म्हणून तुलना मी मुक्कामावरूनच करते.

त्याला कारण आहे. डॉक्टर आणि नर्स सोडून इतर शाखांत मुली अधिकारी म्हणून घ्यायला लष्करानं १९९२ मध्ये सुरुवात केली, तेव्हा मुदत होती पाच वर्षांची. ती वाढत वाढत चौदा वर्षांवर गेली, पण कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतची अधिकारीपदाची नेमणूक, मिळेना (कायदा आणि शिक्षण या दोन शाखांत ते २००८ पासून मिळू लागलं). चौदा वर्षं झाली की बाई पस्तिशी-अडतिशीत बाहेर. मुलं शाळेत, नोकरी नव्यानं शोधायची आणि पेन्शन नाही, कारण अधिकाऱ्याला पेन्शनसाठी वीस वर्षं सेवा लागते. याविरुद्धचा बबिता पुनिया खटला २००३ पासून चालला आणि १७ फेब्रुवारी २०२० ला सुप्रीम कोर्टानं महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशनचा हक्क दिला. नौदलाचा तसाच निकाल पुढच्याच महिन्यात आला. त्या सुनावणीत सरकारनं एक मुद्दा मांडला होता: जवान बहुतेक खेड्यातले, बाईचा हुकूम मानायला त्यांचं मन तयार नाही. मी खेड्यातल्याच पोरापोरींना शिकवते. ते वाचून मला फार लागलं होतं. कोर्टानं तो मुद्दा फेटाळला, याचं समाधान आजही आहे.

एनडीए की ओटीए

खरी घालमेल इथंच होते, म्हणून इथं जरा थांबते.

एनडीएला वय साडेसोळा ते साडेएकोणीस. यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा होते. गणित ३०० गुणांचं, सामान्य क्षमता ६०० गुणांची आणि पुढे एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या चाचण्या-मुलाखतींचे, ९००. लष्करासाठी बारावीची कुठलीही शाखा चालते, नौदल आणि हवाई दलाला भौतिक, रसायन, गणित लागतं. मग तीन वर्षं खडकवासला आणि वर्षभर त्या त्या दलाची अकादमी. प्रशिक्षणाचा खर्च सरकारचा, पदवी जेएनयूची आणि कमिशन पहिल्या दिवसापासून कायमचं. हे शेवटचं सगळ्यात मोलाचं. दहाव्या वर्षी आपल्याला ठेवतील की नाही, ही टांगती तलवार तुझ्यावर राहत नाही.

हे दार ऑगस्ट २०२१ मध्ये कोर्टाच्या आदेशानं उघडलं. २०२२ मध्ये १९ मुली आत गेल्या आणि ३० मे २०२५ ला १७ जणी एनडीएच्या खेत्रपाल मैदानावरून संचलन करत बाहेर पडल्या. पण जागा बघ. २०२४ च्या जाहिरातीत लष्कराच्या २०८ जागांपैकी मुलींना होत्या १०. अख्ख्या देशातून दहा. तेव्हा एनडीएची तयारी जीव तोडून कर, पण सगळं त्या एका परीक्षेवर लावू नकोस. दहावीतल्या धाकट्या बहिणी असतील तर त्यांच्यासाठी नाशिकला राज्य सरकारची मुलींची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. तिथं अकरावी-बारावीबरोबरच एनडीएची तयारी करून घेतात.

ओटीए म्हणजे पदवीनंतरचं अल्पकालीन कमिशन. वय साधारण १९ ते २५, चेन्नईत ४९ आठवड्यांचं प्रशिक्षण. सीडीएसमधून (यूपीएससीची पदवीधरांसाठीची सैन्यभरती परीक्षा) गेलीस तर ओटीएसाठी गणिताचा पेपर नसतो, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान एवढंच. गणितानं घाबरलेल्या हुशार मुलींना हे कुणी सांगतच नाही. एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत असेल तर लेखी परीक्षाच नाही, अर्ज निवडला गेला की थेट एसएसबी. इंजिनिअर आणि वकील मुलींच्या भरत्या वेगळ्या निघतात. कायदा शाखेत मुलांना जास्त आणि मुलींना कमी जागा ठेवण्याची पद्धत सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केली. एका वेळच्या जागा थोड्याच असल्या तरी वाटा अनेक आहेत आणि संधी पंचविशीपर्यंत मिळत राहते.

मुक्काम मात्र दहा वर्षांचा, पुढे चार वाढीव. कायम कमिशनसाठी अर्ज करता येतो, पण निवड मंडळातून जावं लागतं. इथं २५ मार्च २०२१ चा नितीशा खटल्याचा निकाल माझ्या मुलींना मी समजावून सांगते. पुरुष अधिकाऱ्यांना तरुणपणी लावलेले वैद्यकीय निकष कायम कमिशन मागणाऱ्या बायकांना चाळिशी-पन्नाशीत लावले गेले होते. शिवाय 'ही कुठं कायम राहणार आहे' या समजुतीनं त्यांचे गोपनीय अहवाल सुरुवातीपासून हलक्या हातानं लिहिले गेले होते. कोर्टानं याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. ओटीएतून जाणाऱ्या मुलीनं यातून एक गोष्ट घ्यावी. पहिल्याच पोस्टिंगपासून अहवाल, कोर्स आणि तब्येत या तिन्हींकडे लक्ष दे, कारण दहाव्या वर्षी मंडळासमोर तेच कागद उघडतात.

ओटीए दुय्यम, असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरची माहिती देशासमोर ठेवणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी चेन्नईच्या याच अकादमीतून १९९९ मध्ये कमिशन घेऊन आल्या. २०१६ मध्ये पुण्यात अठरा देशांचा युद्धसराव झाला, त्यात भारताच्या तुकडीचं नेतृत्व त्यांनीच केलं होतं.

दोन्ही दारांना एक भिंत सारखीच आहे. पायदळ आणि रणगाडा दल मुलींना अजून बंद आहे. तोफखाना एप्रिल २०२३ मध्ये उघडला. पायदळाचंच स्वप्न असेल तर आज ते पुरं होणार नाही, हे मी लपवत नाही.

नर्सिंग: जिच्याकडे कुणी बघत नाही

नीट देणाऱ्या मुली एमबीबीएस हुकलं की रडत बसतात, आणि त्याच गुणांवर मिलिटरी नर्सिंगचा अर्ज करता येतो हे त्यांच्या गावीही नसतं. देशभरात साधारण २२० जागा, त्यातल्या पुण्याचं एएफएमसी (सैन्याचं वैद्यकीय महाविद्यालय) आणि मुंबईचं अश्विनी रुग्णालय इथं मिळून ८०. चार वर्षांचं बीएस्सी, राहणं-खाणं मोफत, वर विद्यावेतन. मग बॉण्डप्रमाणे सेवा आणि लेफ्टनंट हा हुद्दा. कमिशन कायम की अल्पकालीन, हे गुणांवर आणि दलाच्या गरजेवर ठरतं.

एक उणीव सांगायलाच हवी. इतर अधिकाऱ्यांना मूळ पगारावर मिळणारं लष्करी सेवा वेतन महिना १५,५०० रुपये, नर्सिंग अधिकाऱ्याला १०,८००. मला हे पटत नाही. पण याची दुसरी बाजूही बघ. वैद्यकीय सेवेत डॉक्टर बायकांना कायम राहता येऊ लागलं ते कितीतरी आधी, १९५८ पासून. आणि 'थ्री-स्टार' हुद्द्यावर, म्हणजे लेफ्टनंट जनरल किंवा त्या तोडीच्या पदावर, पोचलेल्या बायका बघ: पुनिता अरोरा, आपल्या माधुरी कानिटकर, साधना सक्सेना नायर, आरती सरीन. साऱ्या डॉक्टर. टिकू दिलं की बाई किती वर चढते, याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरीकडे नाही.

अग्निवीर

दहावीनंतर लष्करात मुलींसाठी मिलिटरी पोलीस, नौदलात जहाजावरच्या जागाही. आयएनएस चिल्का या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रातून मार्च २०२३ मध्ये २७३ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. पगार पहिल्या वर्षी ३०,०००, त्यातले २१,००० हातात, चौथ्या वर्षी ४०,०००. चार वर्षांनी सेवानिधीचे व्याजासह सुमारे ११.७१ लाख. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. त्याच दलात पुढे राहतात जास्तीत जास्त २५ टक्के.

आमच्याकडे मुलीच्या एका हातात हा फॉर्म असतो आणि दुसऱ्या हातात राज्य पोलीस भरतीचा. निव्वळ स्थिर नोकरी हवी असेल तर मी पोलीस भरती सांगते. तिथं महिलांना ३० टक्के आरक्षण आहे आणि नोकरी ५८ वर्षांपर्यंतची. घरात पैशाची निकड असेल आणि ओढ सैन्याचीच असेल, तर अग्निवीर हो, पण त्याच काळात इग्नूची पदवी पूर्ण कर. बाहेर पडताना तू एकवीस-बावीसची असशील आणि ओटीएचं दार पंचविशीपर्यंत उघडं आहे. पदवी नसेल तर ते बंद.

हवाई दलात पदवीनंतर एएफकॅट ही अधिकारी भरतीची परीक्षा आहे, मुक्काम पुन्हा दहा ते चौदा वर्षांचाच. नौदलाची ओढ असणाऱ्या मुलींना मी मुंबईच्या प्रेरणा देवस्थळींचं नाव सांगते. युद्धनौकेचं नेतृत्व करणाऱ्या त्या पहिल्या महिला अधिकारी.

आईवडील विचारतात ते

लग्न-मुलांचं काय? एनडीएला अविवाहित असावं लागतं आणि प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न नाही. नंतर दोन मुलांपर्यंत प्रत्येकी १८० दिवसांची पगारी प्रसूती रजा, आणि सेवाकाळात ३६० दिवसांची बालसंगोपन रजा. आधी ती फक्त अधिकाऱ्यांना या नियमांनी मिळे, नोव्हेंबर २०२३ मध्ये जवान मुलींनाही तीच लागू करण्याचा निर्णय झाला. तरी बदल्या दर दोन-तीन वर्षांनी होतात आणि लेकरू सांभाळायला माणूस लागतं. लेकीला वर्दीत टिकवायचं असेल तर ही जबाबदारी माहेर-सासर दोघांनी आधीच बोलून ठेवावी. माझ्या पाहण्यातल्या ज्या टिकल्या, त्यांच्यामागे असं घर होतं.

मला कुणी क्रम विचारला तर असा सांगेन. वय आणि गणित साथ देत असेल तर एनडीए, सोबतच पदवीला प्रवेश आणि एनसीसी. जीवशास्त्र असेल तर नर्सिंगचा अर्ज न चुकता. एनडीए हुकलं तर ओटीए, पंचवीस पूर्ण होईपर्यंत. अग्निवीर सगळ्यात शेवटी. फॉर्म भरण्याआधी जाहिरातीतल्या दोन ओळी शोध, कमिशनचा प्रकार आणि सेवेचा कालावधी, आणि घरी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखव. कळलं नाही तर खोलीवर ये. बुधवारी आणि शनिवारी परेडनंतर मी असते.