डस्टरचे टायर बदलले, एच/टी (पक्क्या रस्त्यासाठीचे) की ए/टी (रस्ता आणि कच्चं-चिखल दोन्हीसाठीचे) करत दोन आठवडे घालवले त्याची गोष्ट

गाडी 2017 ची डस्टर डिझेल, साइज 215/65 आर16. आधीचे टायर 2019 ला टाकलेले. वर्षातून सात-आठ वेळा पुणे-गुहागर (सासुरवाडी), कामासाठी सोलापूर, बाकी रोज पुण्यातले खड्डे. म्हणजे कधी कोयनानगरचा धो धो पाऊस, तर कधी सोलापूरचं 43 डिग्री ऊन.

टायर बदलायला हवेत हे कळत होतं पण नक्षी अजून दिसतेय ना मग काढू एक वर्ष असं चाललं होतं. 2025 च्या मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आठवत असेल, तेव्हा गुहागरहून येताना कुंभार्ली घाटात एका वळणावर समोर एसटी आली, ब्रेक मारला तर पायाखाली एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम) कडकड वाजतंय आणि गाडी आपली निवांत पुढे सरकतेय. थांबली, काही झालं नाही, पण बायको चिपळूणचं वडापावचं पार्सल मांडीवर घेऊन बसली होती ती पाटणपर्यंत एक शब्द बोलली नाही.

घरी येऊन मोजलं तर नक्षी 3 मिमीच्या आत. कायद्याने 1.6 मिमीपर्यंत चालतं, खाचेत ते छोटे उंचवटे असतात तिथपर्यंत झिजला की संपला. पण ते कागदावर. नव्या टायरला साधारण 8 मिमी खाच असते आणि पाणी बाहेर फेकायचं काम ती खाचच करते, 3 च्या खाली गेलं की कोरड्यात काही कळत नाही, साचलेल्या पाण्यावर मात्र टायर तरंगायला लागतो. शिवाय रबर सहा वर्षं जुनं, कडक झालेलं.

पहिल्या दुकानात (नाव नको) पोराने ए/टी दाखवला, जाडजूड गोटे, दिसायला एकदम भारी, खरं सांगतो मन गेलं होतं. वर म्हणे यावर डोंगर आणि बर्फाचं चिन्ह आहे, बर्फात पण चालतो. अरे बाबा गुहागरला बर्फ फक्त मासेवाल्याकडे. ए/टी वाईट नाही, शेतात, चिखलात, साइटवर रोज जाणाऱ्याने जरूर घ्यावा. पण माझी 95 टक्के गाडी डांबर आणि काँक्रीटवर, तिथे तो घूं घूं आवाज करतो, अ‍ॅव्हरेज थोडं खातो, आणि ओल्या डांबरावर ब्रेकला साधारणपणे एच/टीच बरा. अमेरिकन साइटवरचं ऑल सीझन आणि विंटर टायर वाचत बसू नका, ते सगळं 7 डिग्रीच्या खालच्या थंडीचं गणित आहे, आपल्याला ओल्यातली पकड आणि उन्हात टिकणं एवढंच बघायचंय.

त्याच दुकानात टायरवरची तारीख बघितली. साइडवॉलवर (टायरच्या बाजूला) डॉट (DOT) लिहिलेलं असतं तिथले शेवटचे चार आकडे, म्हणजे 0823 असेल तर 2023 चा आठवा आठवडा. नेमका तोच होता, दोन वर्षं जुना. "साहेब गोडाउनमध्ये होता, ऊनच नाही लागलं". मग तूच लाव तुझ्या गाडीला म्हणलं आणि निघालो.

दुसरीकडे शेवटी योकोहामाच्या जिओलँडरमधला रस्त्यासाठीचा टायर घेतला, तीन महिन्यांपूर्वी बनलेला, 98एच. 98 म्हणजे एका टायरवर 750 किलो आणि एच म्हणजे 210 चा स्पीड, एवढा आपण पळवत नाही पण हे आकडे कंपनीने दिलेत त्याच्या खाली जायचं नाही. एक साडेआठ हजारांना पडला, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, नवे व्हॉल्व्ह वेगळे. आणि आमचं नशीब बघा, चारच महिन्यांनी सप्टेंबरमध्ये टायरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला. चार टायरचे मिळून अडीच हजार गेले.

आधी दोनच घेणार होतो. दोन घेतले तर आपल्याकडे सगळे पुढे लावतात, पण नवे मागे लावायचे. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, निदान कळतं तरी, मागचे घसरले की गाडी गर्रकन फिरते आणि स्टिअरिंग आपल्या हातात राहत नाही. हे त्या दुसऱ्या दुकानातल्या काकांनीच सांगितलं, म्हणजे दोनचा धंदा होत असताना चार गळ्यात न मारता. मग मी आपणहून चार घेतले.

पहिले दोनेकशे किलोमीटर जपून चालवा, नव्या टायरवर साच्यातून काढायचं तेलकट असतं ते जाऊ द्यायला लागतं. जुलैत परत कुंभार्ली, तुफान पाऊस, तेच वळण. मुद्दाम मागे कोणी नाही बघून ब्रेक मारला, गाडी जागच्या जागी बसली. बायको म्हणाली "असले प्रयोग मला घरी सोडून कर".

सोलापूरला जाताना हवा सकाळी गार टायरमध्येच भरतो, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. ऊन आहे म्हणून हवा दोन-तीन पीएसआय कमी भरा सांगणारे भेटतात, अजिबात ऐकू नका, कमी हवेनेच टायर जास्त वाकतो, तापतो आणि फुटतो. नायट्रोजनचे पैसे मी देत नाही, साध्या हवेत 78 टक्के तोच असतो.

स्टेपनी मात्र अजून कंपनीतून आलेली 2017 चीच आहे, एकदाही रस्त्याला लागलेली नाही. तिचं बघायचंय.