कास्टिंगचा माल: साखळी की पट्टा?

बेळगावच्या उद्यमबागेतून कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले धातूचे भाग, भरून ट्रक निपाणीकडे निघाला की संकेश्वरनंतर तवंदी घाट लागतो. उतारावर जोरात ब्रेक दाबला की सगळा भार पुढे येतो, आणि माल कशाने बांधलाय ते तेव्हाच कळतं.

कच्च्या कास्टिंगला मी साखळीच घ्या म्हणेन. फेटलिंग, म्हणजे ओतकामानंतरची कडांची घासाई, नीट न झालेल्या धारदार कडा पॉलिएस्टरचा पट्टा कापत जातात. साखळी तिथे टिकते. माल गरम असेल तर प्रश्नच नाही: पट्टा १०० अंश सेल्सिअसच्या पुढे चालत नाही, ग्रेड ८० ची (जास्त ताकदीच्या पोलादाची) साखळी २०० अंशांपर्यंत पूर्ण भार घेते. क्रेनने सरळ उचलताना तिची १० मिमीची एकेरी साखळी ३.१५ टनांपर्यंत चालते. मात्र कडीवर ८ किंवा ८० चा ठसा बघूनच घ्या. साधी साखळीही दिसायला तशीच असते. कडी एक दशांश झिजली की साखळी बाद. तुटलेल्या कडीला गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग मारून ती परत क्रेनला लावणं म्हणजे खाली उभ्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे, ते कृपा करून करू नका.

पट्टा मशीनिंग झालेल्या, रंगवलेल्या मालाला. ओरखडा उठत नाही, वजनाला हलका. फक्त तो ताणतो, म्हणून थोडं अंतर गेल्यावर गाडी थांबवून रॅचेट (पट्टा ताणायची कळ) पुन्हा आवळा.