'आनंदाचा शोध' : आठवी-नववीच्या मुलांचं चार रविवारांचं शिबिर

नाव वाचून मी नाकच मुरडलं होतं. आनंद काय क्लास लावून मिळतो? पण चिरंजीव मोबाइल सोडून बाहेर पडतील एवढ्या आशेवर पैसे भरले.

पहिला रविवार फुकट गेला. एसी हॉल, डोळे मिटा, प्रोजेक्टरवर हसरे चेहरे. लेक घरी येऊन म्हणाला, "आई, बोअर."

दुसऱ्या रविवारी मात्र विठ्ठलवाडीला मुठेकाठी नेलं. निर्माल्याच्या पिशव्या, थर्माकोल, दुधाच्या पिशव्या काढता काढता पोरांची बोटं काळी झाली. (हातमोजे मोठ्यांच्या मापाचे होते, तेही पुरले नाहीत. एवढी फी घेता, मग?) पण खरी मजा तिसऱ्या रविवारी आली. पुण्यात 1993 पासून कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची संघटना आहे. तशाच कामातल्या एका मावशी मुलांशी बोलायला आल्या होत्या. पोरांनी विचारलं, "तुम्हाला आनंद कशात वाटतो?" मावशी म्हणाल्या, "ओला-सुका वेगळा मिळाला की. आणि कुणी नावानं हाक मारली की."

त्या दिवसापासून आमच्या ओट्याखाली दोन बादल्या आल्या. परवा तर लेकानं मलाच विचारलं, "आई, पॅडच्या पुडीवर लाल ठिपका का नाही काढलास? ठिपका नसला की कचरा वेचणाऱ्या मावशींना आत काय आहे ते उघडून बघावं लागतं." मी गप्प. मग स्केचपेन शोधलं.

चौथा रविवार म्हणजे प्रमाणपत्रं आणि फोटो. गेलो नाही.

पाचपैकी साडेतीन. पुढच्या बॅचला हॉल वगळा, हातमोजे आणा.