जुनी ब्रॉडवे टेप, पाच स्पीकर आणि आयझोटोप आरएक्स

१९५०-६०च्या दशकातले ब्रॉडवेचे कास्ट अल्बम (संगीतनाटकांच्या मूळ कलाकारांच्या आवाजातली ध्वनिमुद्रणं) ५.१ सराउंडमध्ये, म्हणजे पुढे तीन, मागे दोन स्पीकर आणि खर्जाची एक वेगळी वाहिनी अशा मांडणीत, नव्याने मिक्स करायचा विषय निघाला की सगळ्यात आधी आयझोटोपच्या आरएक्स ॲडव्हान्स्ड या ध्वनिदुरुस्तीच्या सॉफ्टवेअरचं नाव येतं. त्यातलं म्युझिक रिबॅलन्स हे मॉड्यूल तयार गाण्याचे चार भाग करून देतं: आवाज, बास, तालवाद्यं आणि उरलेलं सगळं. मग गाणारे पुढे बसवायचे आणि ऑर्केस्ट्रा चहूबाजूंनी पसरायचा, हा मोह होतोच. या कामासाठी आरएक्स घ्यावं का? जरूर घ्यावं. फक्त म्युझिक रिबॅलन्सवर डोळा ठेवून घेऊ नये.

कारण त्या काळच्या रेकॉर्डिंगच्या पद्धतीत आहे. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचा मॅनहॅटनमधला ३०व्या रस्त्यावरचा स्टुडिओ म्हणजे मुळात एक जुनं चर्च. प्रशस्त खोली, उंच छत. गायक, कोरस आणि ऑर्केस्ट्रा सगळे तिथे एकाच वेळी गात-वाजवत. 'वेस्ट साइड स्टोरी' २६ सप्टेंबर १९५७ला, गुरुवारी रंगभूमीवर आलं आणि लगेचच्या रविवारी, २९ तारखेला, त्याचं रेकॉर्डिंग झालं. नटसंघटनेच्या नियमानुसार रेकॉर्डिंगच्या एका दिवसासाठी आठवड्याचा पगार द्यावा लागे, म्हणून एका दिवसात अल्बम उरकायची घाई. त्यामुळे टेक मोजके, खुर्च्यांची करकर आणि पानं उलटल्याचे आवाज तसेच राहिलेले. स्टीरिओ आल्यावर हे सगळं अर्ध्या इंची टेपवर तीन ट्रॅकमध्ये उतरायचं: डावीकडे आणि उजवीकडे ऑर्केस्ट्रा, मधे गायक. अर्थात मधल्या माइकमध्ये ऑर्केस्ट्रा शिरतो आणि कडेच्या माइकमध्ये गायक. या ब्लीडचं काय करायचं, यावरच सराउंड मिक्स तरतो किंवा बुडतो.

आरएक्स उघडण्याआधीची कामं थोडक्यात. ॲसिटेट टेप (त्या काळची, ॲसिटेटच्या पट्टीची टेप) भाजू नये, म्हणजे मंद उष्णतेत तापवू नये. भाजण्याचा उपाय पुढच्या काळातल्या, बाइंडर (चुंबकीय थर धरून ठेवणारा पदार्थ) चिकट होणाऱ्या टेपांसाठी आहे; ॲसिटेट त्याने आणखी ठिसूळ होते. जुन्या जोडांची चिकटपट्टी सुकलेली असते, ती आधीच बदलावी. प्लेबॅकचं इक्वलायझेशन, म्हणजे टेप वाजवताना उंच-खर्ज सुरांचा तोल साधणारं ठरलेलं माप, एनएबीच (अमेरिकेतलं नेहमीचं) असेल असं गृहीत धरू नये, कारण १९५८च्या सुमाराच्या काही मास्टरवर अँपेक्स या टेप मशीनच्या कंपनीचं एएमई हे वेगळं माप असतं आणि ते एनएबीवर वाजवलं की वरची पट्टी विनाकारण चकचकीत येते. ॲझिमथ, म्हणजे टेपशी हेडचा कोन, मशीनवरच, हेड फिरवून लावावा. आरएक्सचं ॲझिमथ मॉड्यूल दोन चॅनेलमधला वेळेचा आणि पातळीचा फरक भरून काढतं, पण तिरक्या हेडमुळे प्रत्येक ट्रॅकच्या आतच जी उंच वारंवारता गेली ती त्याला परत आणता येत नाही. ट्रान्सफर, म्हणजे टेप संगणकात उतरवणं, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर करावा आणि तिन्ही ट्रॅक एकाच फेरीत घ्यावेत.

टेपचा वेग तपासायला आरएक्सचा स्पेक्ट्रम ॲनालायझर फार उपयोगी पडतो. अमेरिकेत मेन्सचा हम (वीजपुरवठ्याची गुणगुण) ६० हर्ट्झचा, त्याच्या पटींतही दिसणारा, आणि तो रेकॉर्डिंगच्या दिवशीच टेपवर छापला गेलेला असतो. फाइलची एक प्रत ८ किलोहर्ट्झवर रीसँपल करावी आणि एफएफटी (ॲनालायझर एका वेळी किती नमुने तपासतो ते) ३२७६८ ठेवावा, म्हणजे पाव हर्ट्झपर्यंतचा फरक दिसतो. १८० हर्ट्झची रेघ १८१.२वर दिसली, तर टेप ०.६७ टक्के जलद वाजते आहे, म्हणजे सूर साधारण साडेअकरा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) वर चढला आहे. ट्रान्सफर ५० हर्ट्झच्या देशात झाला असेल तर आणखी सोपं, कारण आपल्या मशीनचा हम वेगळ्या जागी पडतो आणि गोंधळ होत नाही. पियानोचा सूर लावून खात्री करावी, मग वेग बदलावा आणि त्यानंतरच हम काढणारं डी-हम चालवावं. क्रम चुकला तर मोजपट्टीच पुसली जाते. हा बारकावा फाजील वाटत असेल तर आठवावं, की याच ३०व्या रस्त्यावर २ मार्च १९५९ला माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या प्रसिद्ध जॅझ अल्बमच्या पहिल्या बाजूच्या वेळी मुख्य मशीन हळू चाललं होतं. ती बाजू चढ्या सुरात वाजत राहिली आणि दुरुस्ती झाली ती थेट १९९२मध्ये. वेग सतत डुलत असेल तर वाव अँड फ्लटर मॉड्यूल आहे, पण ते फक्त ॲडव्हान्स्ड आवृत्तीत मिळतं. लांब सुरांवर ते ठीक चालतं. व्हायोलिनच्या व्हिब्रॅटोलाही तो दोष समजू शकतं, म्हणून पूर्ण गाण्यावर सरसकट लावू नये.

आता डी-ब्लीड, म्हणजे एका ट्रॅकमध्ये शिरलेला दुसऱ्याचा आवाज काढणारं मॉड्यूल. वापर साधा आहे: एका ट्रॅकमध्ये ब्लीड, दुसऱ्यात त्याचा स्रोत, दोन्ही फाइल सारख्या लांबीच्या आणि एकाच वेळेला सुरू होणाऱ्या. 'लर्न' करायचं आणि रेंडर करायचं. कानाला लावलेल्या हेडफोनमधून माइकमध्ये शिरलेला क्लिक (ताल धरायचा टिकटिकाट) काढायला हे झकास, कारण तिथे स्रोत शुद्ध असतो. तीन ट्रॅकच्या टेपवर मात्र मधल्या ट्रॅकमध्ये गायकाइतकाच ऑर्केस्ट्रा भरलेला असतो. तो स्रोत म्हणून दिला, की डाव्या ट्रॅकमधून गायकाबरोबर व्हायोलिनही कापली जातात. ताणून वाजवलेल्या स्वरांवर पोकळ, पाण्याखालून आल्यासारखा आवाज येतो तो याचाच.

मुळात ब्लीड काढायची गरज किती ते पाहावं. आवाज एक मीटर जायला साधारण ३ मिलीसेकंद लागतात. गायक डाव्या माइकपासून ६ मीटरवर असेल तर त्याचा आवाज त्या ट्रॅकवर १७-१८ मिलीसेकंद उशिरा आणि बराच हळू पोचतो. मधल्या स्पीकरमधून तो आधीच आलेला असल्यामुळे कान गायकाला मधेच बसवतो आणि उशिराचा आवाज खोलीचा म्हणून ऐकतो. म्हणजे तीन ट्रॅक जसेच्या तसे डावा, मधला, उजवा असे समान पातळीवर सोडले, की पुढचं चित्र उभं राहतं. आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या लिव्हिंग स्टीरिओ मालिकेच्या एसएसीडींमध्ये (बहुवाहिनी ऐकवू शकणाऱ्या सीडींमध्ये) जुन्या तीन ट्रॅकच्या टेपा अशाच तीन वाहिन्यांवर दिल्या आहेत, मागचे स्पीकर गप्प ठेवून. फेज सुधारण्याच्या नावाखाली कडेचे ट्रॅक सरकवून गायकाशी जुळवण्याचा उद्योग तर अजिबात करू नये. गायक जुळतो, ऑर्केस्ट्रा विस्कटतो, आणि खोली नाहीशी होते ती वेगळीच. डी-ब्लीड राखून ठेवावं ते एखाद-दुसऱ्या ओळीसाठी: गायक माइकसमोरून भरकटलाय, किंवा जोरात म्हटलेला एखादा शब्द डावीकडून फुटतोय. तेवढाच भाग निवडून, रिडक्शन कमी ठेवून, रेंडर करावा.

म्युझिक रिबॅलन्सची अडचण वेगळी आहे. त्याचे चार खण आधुनिक बँडच्या मापाचे आहेत. रंगभूमीच्या ऑर्केस्ट्रात टिंपनी अर्धी बासमध्ये आणि अर्धी तालवाद्यांत जाते, ब्रास, स्ट्रिंग्ज, हार्प आणि झायलोफोन सगळे 'इतर'मध्ये कोंबले जातात, म्यूट लावलेला ट्रंपेट मधूनच गायक समजला जातो. एकट्या गायकाचा आवाज बऱ्यापैकी सुटतो, पार्श्वसंगीतावर बोललेला संवाद त्याहून चांगला सुटतो, वीस जणांचा कोरस मात्र चिरफाड होऊन येतो. सर्वांत त्रासदायक म्हणजे सकार. 'स', 'श', 'च' यांची फुसफुस आवाजाच्या स्टेममध्ये (वेगळ्या केलेल्या भागात) पूर्ण येत नाही, काही भाग 'इतर'मध्ये उरतो. दोन्ही एकत्र वाजवलं तर कळतही नाही. पण 'इतर' मागच्या स्पीकरमध्ये टाकलं, की समोर बाई गातेय आणि तिचे 'स' मात्र मानेमागून कुजबुजतायत. त्यावर उपाय आहे, फक्त चिकाटी हवी. 'इतर'च्या स्पेक्ट्रोग्राममध्ये (वेळेनुसार वारंवारता दाखवणाऱ्या चित्रात) ५ ते ९ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात हे सकार उभ्या धुरकट डागांसारखे दिसतात. लासोने (हवा तो भाग घेरून निवडायच्या साधनाने) डाग घेरायचा, कट करायचा आणि आवाजाच्या फाइलमध्ये बरोबर त्याच वेळेवर पेस्ट स्पेशलमधल्या मिक्सने टाकायचा. मिक्स न निवडता साधं पेस्ट केलं तर मागचं पुढचं सगळं सरकतं. शेवटी चारही स्टेम एकत्र करून मूळ फाइल उलट्या फेजने मिसळावी. शांतता जवळपास पूर्ण हवी, काही ऐकू आलं तर कुठेतरी तुकडा हरवला आहे.

एवढी मेहनत करायची ती फक्त तीन ट्रॅकची टेप उपलब्ध नसेल आणि हाती स्टीरिओ मास्टरच असेल तेव्हा. मोनोच्या वाट्याला तर जाऊच नये. 'माय फेअर लेडी'चा १९५६चा ब्रॉडवे अल्बम मोनो आहे, आणि त्याच प्रमुख कलाकारांचा लंडन प्रयोगाचा अल्बम १९५९मध्ये स्टीरिओत झाला. अशा वेळी मोनो फोडत बसण्यात काय हशील?

हिसबद्दल, म्हणजे टेपच्या सततच्या सळसळीबद्दल: स्पेक्ट्रल डी-नॉइज प्रत्येक ट्रॅकवर वेगळं चालवावं, सळसळीचा नमुना लीडर टेपवरून (सुरुवातीला जोडलेल्या कोऱ्या पट्टीवरून) घेऊ नये. गाणं सुरू होण्याआधी कंडक्टर हात उचलतो तो एक-दोन सेकंदांचा तुकडा सापडला तर सोनं, कारण त्यात टेपचा हिस आणि खोलीची हवा दोन्ही असतात. ६ डेसिबलपर्यंत कमी करून थांबावं. 'आउटपुट नॉइज ओन्ली' लावून ऐकावं. त्यात व्हायोलिनची सावली ऐकू आली तर हात आखडता घ्यायचा. खुर्ची, खोकला, पान यांवर स्पेक्ट्रल रिपेअर मात्र लाजवाब आहे आणि आरएक्सचे पैसे इथेच वसूल होतात.

पॅनिंगची सोय आरएक्समध्ये नाही. स्वच्छ केलेले तीन ट्रॅक रीपर, प्रो टूल्स किंवा नुएंडोमध्ये न्यावे लागतात. तिथे एक गोष्ट विसरली जाते: बाजारात आलेला अल्बम अनेक टेकचे तुकडे जोडून बनलेला असतो, त्यामुळे तीन ट्रॅकच्या सेशन रीलवर ते जोड असतीलच असं नाही. एलपीशी पडताळून प्रत्येक जोड नव्याने करावा.

मागच्या स्पीकरसाठी शेवटच्या कॉर्डची शेपूट ऐकावी. टेपवर ती चटकन विरते आणि एलपीवर लांबते, तर प्रतिध्वनी मिक्सच्या वेळी, तळघरातल्या एको चेंबरमधून घातलेला होता. तसं असेल तर डाव्या-उजव्या ट्रॅकवरून कन्व्होल्यूशन रीव्हर्बला (खऱ्या खोलीच्या नमुन्यावरून घुमारा देणाऱ्या साधनाला) सेंड, म्हणजे आवाजाचा थोडा वाटा, द्यावा, प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीचा उशीर) २० ते २५ मिलीसेकंद, २०० हर्ट्झच्या खाली आणि ७ किलोहर्ट्झच्या वर कापून, पुढच्यापेक्षा १० ते १२ डेसिबल हळू. मधल्या ट्रॅकचा सेंड नावापुरताच. मागचे स्पीकर म्यूट केल्यावर खोली लहान झाल्यासारखी वाटली पाहिजे; चालू असताना तिकडे मान वळता कामा नये. एलएफई, म्हणजे खर्जाची वेगळी वाहिनी, रिकामं ठेवावं. ती वाहिनी ऐकताना १० डेसिबल वर वाजते आणि त्यात टाकण्याजोगं या टेपांत लाकडी फळ्यांवरच्या पावलांच्या धमकेशिवाय फारसं काही नसतं.

निर्यातीआधी स्टीरिओ डाउनमिक्स (सगळ्या वाहिन्या दोनमध्ये आणून) करून बघावा, मधला आणि मागचे चॅनेल उणे ३ डेसिबलने. तो एलपीशेजारी वाजवला की गायक किती पुढे-मागे गेलाय ते लगेच कळतं. फरक दिसला तर मधला फेडर अर्ध्या-एक डेसिबलने हलवायचा आणि रीव्हर्बला हातही लावायचा नाही. डॉल्बी ॲटमॉस या सराउंड स्वरूपात द्यायचं असेल तर ॲपल म्युझिकची अट आवाजाचा एकूण जोर जास्तीत जास्त उणे १८ एलकेएफएस (जोराचं माप) आणि ट्रू पीक, म्हणजे सर्वोच्च पातळी, उणे १ डेसिबलची आहे. या टेपांची चढउतार मुळातच मोठी असल्याने आवाज त्याच्या खालीच बसतो, कंप्रेसर लावून वर ढकलू नये.