सोन्याचा बेडूक की सोन्याचा कोळी?

कोस्टा रिकाच्या दक्षिणेकडच्या दिकीस भागातले बेडूक आणि पेरूमधल्या सिपानचे कोळी, दोन्ही गळ्यात घालायचे प्राचीन दागिने. घडण मात्र पार वेगळी. बेडूक ओतीव: आधी मेणात घडवायचा, वर मातीचं लिंपण, मग मेण वितळवून त्या पोकळीत सोन्या-तांब्याचा रस. मागचे पाय पसरट, चपटे. काहींच्या तोंडातून दोन्ही बाजूंना साप निघालेले. बेडकाच्या तोंडातून साप, काय डोकं चालवलंय!

सिपानचा कोळी जोडकामाचा. पुरातत्त्वज्ञ वॉल्टर आल्वा यांनी १९८७ पासून इथं उत्खनन केलं. तिथल्या एका मोचे (पेरूची एक प्राचीन संस्कृती) अधिपतीच्या थडग्यात अशा १० मण्यांचा हार निघाला. सोन्याच्या जाळ्यावर कोळी बसलाय आणि त्याच्या अंगावर चक्क माणसाचा चेहरा. सुटे बारीक भाग डाख देऊन जोडलेत. मोचे कलेत कोळ्याचं नातं नरबळीशी आहे, त्यामुळे तो चेहरा बघताना जरा चरकायला होतं.

एकच निवडायचा तर माझं मत कोळ्याला. एवढी नजाकत बेडकात नाही. बेडूक बघायला कोस्टा रिकाच्या राजधानीतलं, सान होजेचं सुवर्ण संग्रहालय गाठा, कोळ्यांसाठी पेरूतल्या लांबायेके गावातलं संग्रहालय.