लग्नाची फोटोग्राफी: पैसा कॅमेऱ्यात घालायचा की कामाच्या पद्धतीत?

एक भारी बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) की दोन मध्यम, या प्रश्नाचं माझं उत्तर ठाम आहे: दोन मध्यम, आणि जमल्यास दोन्ही एकाच मॉडेलच्या. लग्नाला रीटेक नसतो. ऐन विधीच्या वेळी शटर अडकलं किंवा कॅमेरा हातातून निसटला, तर तो २४ मेगापिक्सेलचा होता की ४५ चा, याला काही अर्थ उरत नाही. दुसरी बॉडी नुसती राखीव म्हणून बॅगेत पडूनही राहत नाही. एकीवर ३५ एमएम (रुंद दृश्याला) आणि दुसरीवर ८५ एमएम (चेहऱ्यांना) लेन्स लावून दोन्ही अंगावर अडकवल्या की लेन्स बदलायची गरजच पडत नाही. मॉडेल एकच असेल तर बटणं, बॅटऱ्या, चार्जर सगळं सारखं. शिवाय एडिटिंगला बसल्यावर दोन्हींचे रंग जुळवत बसावं लागत नाही, आणि हा फायदा पहिल्याच कामात कळतो.

मेगापिक्सेलचा हिशोब एडिटिंगच्या टेबलावरून करावा. २४ मेगापिक्सेलची १४ बिट, लॉसलेस कॉम्प्रेस्ड (काही न गमावता आकसलेली) रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती, साधारण २५ ते ३० एमबीची असते. ४५ मेगापिक्सेलची ५०च्या आसपास जाते. दोन कॅमेऱ्यांवर मिळून ४,००० फ्रेम झाल्या तर एकीकडे शंभर-सव्वाशे जीबी, दुसरीकडे दोनशे. त्याच्या तीन प्रती ठेवायच्या, प्रीव्ह्यू बनवायचे, एक्स्पोर्ट करायचं. प्रत्येक टप्प्याला तोच गुणाकार लागतो. आणि २४ मेगापिक्सेल कमी पडतात का? ६००० बाय ४००० पिक्सेल म्हणजे ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) २० इंच रुंद प्रिंट. ३६ इंचांच्या दुपानी स्प्रेडवर एकच फोटो पसरला तरी १६६ डीपीआय मिळतात, आणि अल्बम ज्या अंतरावरून पाहिला जातो तिथून ते पुरतात. तुम्ही सतत लांबून टिपून नंतर जबर क्रॉप करत असाल किंवा भिंतभर प्रिंट विकत असाल, तरच ४५चा विचार करा.

बॉडी निवडताना माझ्या लेखी पहिली अट दोन कार्ड स्लॉटची. २०१८ साली आलेले कॅननचा ईओएस आर आणि निकॉनचा झेड ६ हे चांगले कॅमेरे आहेत, पण दोन्हींत एकच स्लॉट. २०२० मध्ये आलेल्या आर ६ आणि झेड ६ टू मध्ये दोन स्लॉट आहेत. सोनीच्या ए ७ थ्रीमध्ये २०१८ पासूनच दोन होते. वापरलेला कॅमेरा घेणाऱ्याने हा फरक डोळ्यांत तेल घालून पाहावा, कारण एक स्लॉटवाले स्वस्तात मिळतात आणि मोह होतो. दुसरा स्लॉट ‘पहिलं भरल्यावर दुसरं’ या सेटिंगवर ठेवला तर त्याचा उपयोग संपला. दोन्हीकडे रॉ लिहिलं गेलं पाहिजे. मग वेग हळू कार्डाचा मिळतो, म्हणून एका स्लॉटला सीएफएक्स्प्रेससारखं वेगवान कार्ड आणि दुसऱ्याला जुनाट एसडी घालू नका.

डीएसएलआर (आत आरसा असलेला) की मिररलेस (बिनआरशाचा)? नव्याने सुरुवात करणाऱ्याने मिररलेसच घ्यावा, तो डोळा धरून ठेवणाऱ्या ऑटोफोकससाठी. चालत येणाऱ्या जोडप्यासमोर उलटं चालत असताना फोकस पॉइंट हलवत बसावं लागत नाही, सगळं लक्ष चेहऱ्यावरच्या भावावर राहतं. बॅटरीच्या बाबतीत मात्र डीएसएलआर आजही पुढे आहेत. सीपा या कॅमेरा उत्पादकांच्या जपानी संघटनेच्या मोजणीनुसार निकॉन डी ८५० एका चार्जमध्ये १,८४० फ्रेम देतो, झेड ६ जेमतेम ३१०. प्रत्यक्षात सलग टिपताना मिररलेसही याच्या कितीतरी पट देतो, पण जादा बॅटऱ्या बजेटमध्ये धराव्याच लागतात. हातात आधीच डी ७५० किंवा ५डी मार्क फोर असेल, तर तो विकायची घाई नको. त्या पैशाची लेन्स घ्या.

मिररलेसचा सायलेंट शटर हा सगळ्यांना भुलवणारा गुण. शांत विधीत तो फार उपयोगी आहे, फक्त आधी दिवे पाहून घ्या. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये बहुतेक सेन्सर ओळीओळीने वाचले जातात आणि एलईडी दिवे डोळ्यांना दिसत नसले तरी लुकलुकत असतात. त्यामुळे वधूच्या चेहऱ्यावर आणि कपड्यांवर आडवे फिके-गडद पट्टे उमटतात, आणि ते एडिटिंगमध्ये नीट काढता येत नाहीत. हॉलमध्ये शिरल्याबरोबर एक सायलेंट फ्रेम काढून ती स्क्रीनवर मोठी करून पाहा. पट्टे दिसले तर मेकॅनिकल शटर आणि अँटी-फ्लिकर (दिव्यांच्या लुकलुकीशी शटर जुळवणारं सेटिंग). निकॉन झेड ८ सारख्या स्टॅक्ड (फार वेगाने वाचल्या जाणाऱ्या) सेन्सरच्या कॅमेऱ्यांत हा त्रास बराच कमी होतो, पण त्यांची किंमत वेगळ्या पंक्तीतली.

झूम की प्राइम (एकाच एमएमची लेन्स) हा वाद लोक आवडीनिवडीवर नेतात. मी तो प्रकाशावर आणि जागेवर सोडवते. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं: एफ २.८ वरून एफ १.४ वर आलं की प्रकाश चौपट, म्हणजे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० चं काम १६०० वर होतं. पण ८५ एमएम एफ १.४ ला दोन मीटरवरून पूर्ण फ्रेमच्या सेन्सरवर फोकसची खोली चार-पाच सेंटीमीटरच असते. दोघं एकमेकांच्या किंचित मागेपुढे उभे असले तरी एक चेहरा मऊ पडतो. गर्दीत, जिथे एक पाऊलही मागे सरकता येत नाही, तिथे २४-७० एफ २.८ ला पर्याय नाही. म्हणून पहिली खरेदी तीच, जोडीला ८५ एफ १.८. ३५ एमएम दुसऱ्या टप्प्यात. विधीच्या जवळ जाऊ देत नाहीत अशी कामं जास्त असतील तरच ७०-२००. एक ते दीड किलोची ती लेन्स दिवसभर पेलण्याची तयारी हवी. फ्लॅश दोन घ्या, रेडिओ ट्रिगरसह.

आता एडिटिंग. सॉफ्टवेअर निवडायच्या आधी एक काम फुकटात होतं: शूटच्या सकाळी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवणं. ती तीन मिनिटांनी पुढेमागे असली तर फाइली वेळेनुसार लावल्यावर आधी जोडप्याची मिठी दिसते आणि मग विधी, आणि अख्ख्या दिवसाची गुंफण विस्कटते. विसरलातच तर लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एका कॅमेऱ्याच्या सगळ्या फ्रेम निवडून कॅप्चर टाइम एकदम सरकवता येतो. त्यासाठी दोन्ही कॅमेऱ्यांत टिपलेला एकच नेमका क्षण शोधायचा आणि तो धरून फरक काढायचा.

वेळ खरा जातो तो निवडीत. लाइटरूम क्लासिकने मोठे प्रीव्ह्यू बनवायला घेतले की जुना लॅपटॉप हाशहुश करतो. फोटो मेकॅनिक हे निवडीचं सॉफ्टवेअर रॉमध्ये आधीच दडलेला जेपेग दाखवतो, म्हणून बाण दाबला की फोटो हजर. इथे रेटिंग द्यायचं आणि निवडलेलेच पुढे न्यायचे. लाइटरूममध्येही इम्पोर्ट करताना ‘एम्बेडेड अँड साइडकार’ प्रीव्ह्यू निवडले तर बराच वेग मिळतो. महिन्याला एखादंच लग्न करत असाल तर आधी ते वापरून पाहा, वेगळं सॉफ्टवेअर लगेच घेऊ नका.

एआयने निवड करणारी साधनं, जसं आफ्टरशूट, सारख्या फ्रेमचे गट पाडतात आणि मिटलेले डोळे, चुकलेला फोकस वेगळा काढतात. गट पाडायला ती जरूर वापरा. अंतिम निवड त्यांच्यावर सोपवू नका, कारण मुलीला कवटाळून रडणाऱ्या आईचे डोळे मिटलेलेच असतात. अशी फ्रेम ‘डोळे बंद’ म्हणून बाजूला गेली आणि तुम्ही तो ढीग उघडलाच नाही, तर त्या घराचा सर्वांत मोलाचा फोटो गेला. फोटो कुठल्या सर्व्हरवर चढवणारं साधन असेल तर आधी जोडप्याची परवानगी घ्या.

लाइटरूम क्लासिक की त्याचं स्पर्धक सॉफ्टवेअर कॅप्चर वन? कॅप्चर वनचा कलर एडिटरमधला स्किन टोनचा भाग सुरेख आहे; लालसर गाल आणि पिवळी मान एकसारखी करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही. टेदरिंगही (कॅमेरा केबलने कॉम्प्युटरला जोडून टिपणं) भक्कम, त्यामुळे स्टुडिओचं काम जोडीला असणाऱ्याला तेच शोभतं. पण अख्खं लग्न एका कॅटलॉगमध्ये घेऊन शेकडो फोटो एका सुरात आणायचे, मास्क (फोटोच्या ठराविक भागापुरते बदल) दुसऱ्या फ्रेमवर सिंक करायचे आणि हवं तर काम दुसऱ्या एडिटरकडे पाठवायचं, या सगळ्यात लाइटरूम सोयीचं पडतं. लाइटरूमचे स्मार्ट प्रीव्ह्यू (रॉच्या छोट्या, एडिट करता येणाऱ्या प्रती) लांब बाजूने २५६० पिक्सेलचेच असतात. कॅटलॉग आणि ते प्रीव्ह्यू एवढंच एडिटरकडे जातं, मूळ रॉ तुमच्याकडेच राहतात आणि परत आलेली एडिटिंग त्यांच्यावर बसते. लग्नं हाच मुख्य धंदा असेल तर माझं मत लाइटरूमला. खटकतं ते त्याचं सबस्क्रिप्शन: २०१५ च्या लाइटरूम ६ नंतर एकदाच पैसे भरून घ्यायची सोय राहिली नाही. कॅप्चर वन सबस्क्रिप्शनशिवायही मिळतं. काहीही निवडा, पण शांतपणे निवडा. रेटिंग, कीवर्ड एकातून दुसऱ्यात जातात. तुमची एडिटिंग मात्र जशीच्या तशी जात नाही.

कॅमेऱ्यावर उडवायचे ठरवलेले पैसे थोडे वळवायचे असतील तर ते एसएसडीकडे वळवा. चालू काम आणि कॅटलॉग एसएसडीवर, संपलेली कामं साध्या हार्ड डिस्कवर. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर; हा ३-२-१ चा नियम जोडप्याला फोटो सोपवेपर्यंत तरी मोडू नये. दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्याची खात्री पटेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही, भले दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न असो. जादा कार्डं त्यासाठीच असतात.

मॉनिटर कॅलिब्रेट केलेला हवा आणि त्याचा उजेड दर चौरस मीटरला १०० ते १२० कँडेलाच्या (उजेडाचं एकक) दरम्यान. फार उजळ स्क्रीनवर एडिट केलेला अल्बम छापून काळवंडलेला येतो. जोडप्याला द्यायच्या फाइली एसआरजीबीमध्ये (बहुतेक स्क्रीनना चालणाऱ्या रंगपद्धतीत) काढा, आणि अल्बमच्या छपाईला जाण्यापूर्वी त्याच कागदावर एक चाचणी पान मागवून दिवसाच्या उजेडात पाहा.