लंडनची म्युझियम, एक मेंबरशिप आणि बुड टेकायची जागा

गेल्या आठवड्यात खात्यातून परस्पर ऐंशी पौंड गेले. म्युझियमची मेंबरशिप आपोआप रिन्यू झाली म्हणे. बंद करा म्हणून मुदतीच्या आत लेखी कळवलं होतं. त्याला उत्तर नाही, पैसे कापायला मात्र एक दिवस उशीर नाही. बँकेकडे तक्रार गेली आहे, म्हणून कुठलं म्युझियम ते लिहीत नाही. पण डोकं तापलंच आहे तर वर्षभराचा हिशोब मांडून टाकते.

इथे राहणाऱ्यांना सांगायला नको की ब्रिटिश म्युझियम, व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट), नॅचरल हिस्टरी, सायन्स, नॅशनल गॅलरी सगळं फुकट आहे. दारातलं पाच पौंडांचं देणगीयंत्र नजर चुकवून ओलांडायचं, की झालं. पैसे पडतात ते खास प्रदर्शनांना, आणि तिथे एका तिकिटाला वीस पौंडांच्या आसपास जातात. वर्षात चारेक प्रदर्शनं बघितली की मेंबरशिप वसूल, हे गणित सगळेच मांडतात. मी ती घेतली वेगळ्याच कारणाने. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येणार होते, सासूबाईंचे गुडघे बोलतात, आणि मेंबरांसाठी वेगळी खोली असते. खुर्च्यांची!

तर त्या खोलीबद्दल. शनिवारी दुपारी एकही खुर्ची रिकामी नाही. लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करणारे, रिकाम्या कपासमोर तास तास बसलेले. आम्ही तिघं दारात उभे, हातात कार्ड. सासूबाई शेवटी जिन्याच्या पायरीवर बसल्या, तर गार्डने येऊन अदबीने उठवलं. ऐंशी पौंड भरून पायरीसुद्धा मिळू नये?

तेव्हापासून मी कुठल्याही म्युझियमला फक्त बाकांवरून मार्क देते. नॅशनल गॅलरीत चामड्याचे ऐसपैस कोच आहेत, चित्रांच्या बरोब्बर समोर. व्ही अँड ए मध्ये घडीच्या हलक्या स्टुलांची सोय आहे, फुकट. काखोटीला मारायचं आणि हवं तिथे टाकायचं. ही गोष्ट आधी कुणी सांगितली असती तर मेंबरशिपच्या वाटेला गेलेच नसते.

आमचं हक्काचं ठिकाण झालं ते व्ही अँड ए मधलं राफाएल या इटालियन चित्रकाराच्या कार्टून्सचं दालन. कार्टून म्हणजे विनोदी चित्रं नव्हेत. पोपच्या सिस्टीन चॅपेलमधल्या विणलेल्या भिंतपडद्यांसाठी 1515-16 च्या सुमाराला काढलेली ही पूर्ण मापाची चित्रं आहेत, भिंतभर. प्रकाश मंद, गर्दी कमी, बाक आहेत. कागदाचे कितीतरी ताव चिकटवून ती केली आहेत. नक्षी उतरवून घेता यावी म्हणून रेषांवर सुईने भोकं पाडलेली आहेत. तिथला क्यूआर कोड फोनवर उघडून चित्र मोठं केलं की ती दिसतात. सासूबाई फोन नाकाशी धरून म्हणाल्या, "अगं, हा तर खाका! आम्ही चादरीवर अशीच भोकं पाडून निळीची पुरचुंडी फिरवायचो." मग एकेक चित्र असं तपासलं की मामंजींना बाकावर डुलकी लागली.

मामंजी मूळचे वाईचे. त्यांना बघायची होती शिवाजी महाराजांची वाघनखं. ती व्ही अँड ए चीच, पण 2024 च्या जुलैत तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात गेलेली, आणि पहिला मुक्काम कुठे, तर साताऱ्याला! घरापासून तासाभरावर. ती अफझलखानाच्या वेळचीच याची खात्री देता येत नाही, असं म्युझियमचंच म्हणणं आहे. कंपनी सरकारचा ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट असताना ती त्याला मिळाली, असं डबीवर लिहिलेलं आहे. हे सांगितल्यावर मामंजी जे गप्प झाले ते टिपू सुलतानाच्या लाकडी वाघापाशी गेल्यावरच बोलले.

खाण्याचं म्हणाल तर कॅफेच्या नादी लागू नका. उन्हाळ्यात व्ही अँड ए च्या मधल्या चौकात डबा सोडायचा. मुलं पाण्यात खेळतात, तिखटमिठाच्या पुऱ्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही. पश्चिम लंडनमधल्या हाउन्स्लोहून ट्यूबची पिकॅडिली लाइन थेट साउथ केन्सिंग्टनला येते, पुढे भुयारातून चालत. पाऊस लागत नाही. ब्रिटिश म्युझियमला गेलात तर मागच्या माँटेग्यू प्लेसच्या दाराने जा. तिकडून अमरावतीची शिल्पं जवळ पडतात, आंध्रातली अमरावती, आपली नव्हे.

आता थोडं मागे घेते. सासू-सासरे परत गेल्यावर हिवाळ्यात मी ऑफिस सुटलं की शुक्रवारी जायला लागले. त्या दिवशी ब्रिटिश म्युझियम साडेआठपर्यंत, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत, व्ही अँड ए रात्री दहापर्यंत उघडं असतं. मेंबरांच्या खोलीतही तेव्हा हव्या तितक्या खुर्च्या. एकदा तर पाय लांब करून बसले. म्हणजे मेंबरशिप अगदीच वाया गेली असं नाही, नोकरी करणाऱ्या एकट्या माणसाला ती चालेल. पण शुक्रवारी रात्री फुकटच्या दालनांतले बाकही रिकामेच असतात, मग ऐंशी पौंड कशाचे?

म्हणून घ्यायचीच असेल तर भेट म्हणून कुणाकडून तरी घ्या, आणि पैसे आपोआप कापायची परवानगी अजिबात देऊ नका. माझे परत आले की इथे लिहीन. जाऊबाई मे महिन्यात येतायत, त्यांना स्टूल कुठे मिळतं ते आधीच कळवलंय.